अस्वल दाखवलंच नाही

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मामांकडे गेले होते. निफाडच्या पुढे दहाएक किलोमीटरवर त्यांची द्राक्षबाग, आणि बागेला लागूनच घर. त्या दिवसांत तिकडे संध्याकाळी सहानंतर बाहेर कोणी थांबत नाही. जेवणं लवकर उरकतात आणि सगळं घर पुढच्या खोलीत गोधड्या घेऊन टीव्हीसमोर बसतं. मामेभावाच्या अकरा वर्षांच्या मुलीने 'अवर प्लॅनेट' या निसर्गमालिकेतला बर्फाळ प्रदेशांचा भाग लावला. निवेदन इंग्रजीत, म्हणून मधूनमधून ती आम्हाला मराठीत सांगत होती. मामी परातीत शेंगा सोलत होत्या, त्यांचा टकटक आवाज तेवढा चालू होता. आणि तो वॉलरसचा प्रसंग आला. रशियाच्या ईशान्य टोकाचा किनारा, उंच कडा आणि कड्याच्या अगदी टोकाशी टनभर वजनाचं ते जनावर. भिजवून वाळवलेल्या चामड्यासारखी सुरकुतलेली कातडी, खाली वाकलेले सुळे. डोकं डावीउजवीकडे हलवत ते खालच्या हवेचा वास घेतंय असं वाटत होतं. मग एक पंजा घसरला. दगडावर आपटून ते उलटं झालं, पुन्हा आपटलं, आणि खाली आधीच पडलेल्यांच्या शेजारी जाऊन थांबलं. शेंगांचा आवाज बंद झाला. पोरीने गोधडी डोळ्यांवर ओढली आणि आतूनच सांगितलं, "बर्फ वितळला ना, म्हणून ते पडतायत."

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "बर्फ वितळला म्हणून कड्यावर कशाला चढंल ते? आन जनावर उगंच कड्यावरनं खाली येत नाही. पाठीमागं काहीतरी असणार, ते दाखवलं नाही त्यांनी." मी काही बोलणार, तेवढ्यात ते उठले, टोपी खुंटीला अडकवली आणि आत जाता जाता म्हणाले, "माझ्यासारखंच केलंय त्याचं."

त्या शेवटच्या वाक्याने मला रात्रभर झोपू दिलं नाही.

मामांनी अंधारात मारलेला खडा नेमका लागला होता, हे मला ठाऊक होतं. २०१९च्या एप्रिलमध्ये ही मालिका आली तेव्हा याच दृश्यावरून मोठा वाद झाला होता. काही जणांचं म्हणणं होतं की वॉलरस कड्यावरून पडले ते मागे लागलेल्या हिमअस्वलांमुळे, आणि ती अस्वलं चित्रातून वगळून दोष सगळा तापमानवाढीवर ढकलला. चित्रीकरण करणाऱ्यांनी उत्तर दिलं की पाण्याबाहेर वॉलरसला नीट दिसत नाही, खालून इतरांचा आवाज येतो, समुद्रात परतायचं असतं, आणि ते पडतात. त्याच वर्षाच्या अखेरीला बीबीसीच्या 'सेव्हन वर्ल्ड्स, वन प्लॅनेट'मध्ये वॉलरस आणि अस्वलं एकत्र दिसली, आणि वादाला नवीन सरपण मिळालं. प्रेक्षक दोन बाजूंना वाटले गेले. एका बाजूला 'सगळं रचलेलं आहे', दुसऱ्या बाजूला 'शंका घेणारे सगळे तेल कंपन्यांचे हस्तक'. मी तेव्हा दुसऱ्या बाजूला होते, आणि अस्वलाचा उल्लेख करणाऱ्या माणसांशी फार तिखट बोलले होते. त्यांतली कितीतरी माणसं मामांसारखीच होती, जनावरं जवळून पाहिलेली, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

खरं तर बर्फ आणि अस्वल यांचं भांडण लावायचं कारणच नाही. वॉलरस उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले खातो. दमला की तरंगत्या बर्फावर येऊन पडतो, पुन्हा बुडी मारतो. पूर्वी उन्हाळ्यातही बर्फ त्या उथळ पट्ट्यावर असायचा. आता तो उत्तरेला खोल पाण्यावर सरकतो, तिथे तळ वॉलरसच्या आवाक्यात नसतो. मग हजारोंनी कळप जमिनीवर येतात. २०१४मध्ये अलास्कातल्या पॉइंट ले गावाजवळ पस्तीस हजारांच्या आसपास वॉलरस एकाच किनाऱ्यावर आले होते. एवढी गर्दी झाली की चेंगराचेंगरी होते, काही वर कड्यापर्यंत सरकतात. आणि एवढं मांस एका जागी आलं की अस्वलही येणारच. आर्क्टिकचा सप्टेंबरमधला बर्फ उपग्रहांच्या नोंदींनुसार दर दहा वर्षांना साधारण बारा टक्क्यांनी कमी होत आलाय. हे सगळं सांगायला दोन मिनिटं पुरतात. त्या दोन मिनिटांत अस्वलालाही जागा आहे आणि बर्फाचा दोष तसूभरही कमी होत नाही. पण तेवढी दोन मिनिटं त्या प्रसंगाला मिळाली नाहीत. मिळालं ते संगीत, संथ गतीतलं पडणं आणि एक गंभीर आवाज. पोरीच्या तोंडून मामांपर्यंत त्यातलं एकच वाक्य पोचलं.

असाच एक आवाज मी २००७ साली इंग्लंडमध्ये ऐकला होता. नोकरीनिमित्त रेडिंगला राहत होते, एका निवृत्त परिचारिकेच्या घरात वरच्या खोलीत. बाई सत्तरीच्या. फार नेमाने वागणाऱ्या. त्या हिवाळ्यात त्यांनी घरातलं हीटिंग मुद्दाम कमी ठेवलं होतं, नातवंडांसाठी म्हणून, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात स्वेटरवर स्वेटर चढवून चहा प्यायचो. ८ मार्चला, गुरुवारी रात्री, चॅनल फोरवर 'द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल' लागला. दिग्दर्शक मार्टिन डर्किन. आम्ही दोघींनी तो शेजारीशेजारी बसून पाहिला. मोठमोठ्या विद्यापीठांची नावं खाली झळकत होती, आलेख येत होते, आणि निवेदक ठामपणे सांगत होता की तापमान वाढतंय ते सूर्यामुळे, माणसाचा यात हात नाही, हा सगळा फसवणुकीचा बाजार आहे. कार्यक्रम संपल्यावर बाई उठल्या, जिन्याखालच्या भिंतीपाशी गेल्या आणि थर्मोस्टॅटची चकती फिरवली. पाइपांतून पाणी खळखळत गेल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने रेडिएटरवरच्या धुळीचा जळका, उबदार वास घरभर पसरला. "इतके दिवस मला उगाच अपराधी वाटायला लावलं," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरची सुटका मला अजून दिसते. आणि लपवून काय करू, मलाही बरं वाटलं होतं. त्या रात्री कितीतरी आठवड्यांनी मी मोजे न घालता झोपले.

त्या आठवड्याच्या शेवटी पेपरांत एमआयटीचे समुद्रशास्त्रज्ञ कार्ल वुन्श यांची तक्रार आली. ते त्या कार्यक्रमात दिसले होते. समुद्रात प्रचंड कार्बन साठलेला आहे, पाणी तापलं तर तो बाहेर येईल, म्हणूनच समुद्र तापवणं धोक्याचं आहे, असं त्यांना म्हणायचं होतं. पडद्यावर त्यांचं बोलणं अशा जागी बसवलं होतं की ऐकणाऱ्याला वाटावं, कार्बन वाढतो तो तापमानामुळेच, माणसामुळे नाही. पुढे एकेक गोष्ट बाहेर येत गेली. तापमानाचा एक आलेख 'आत्तापर्यंत'चा म्हणून दाखवला होता, त्यातली माहिती ऐंशीच्या दशकातच संपत होती. ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात हे वाक्य तर पुढच्या प्रसारणातून काढूनच टाकावं लागलं, कारण माणसाचं प्रमाण ज्वालामुखींच्या शंभरपटीच्या आसपास आहे. आणि ज्या सूर्यावर सगळी भिस्त, त्याची उष्णता उपग्रह सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून मोजतायत. तिच्यात वाढ नाही, तापमान मात्र चढतंय. ऑफकॉम या नियामक संस्थेकडे २६५ तक्रारी गेल्या, त्यांतली एक तर पावणेदोनशे पानांची. जुलै २००८मध्ये निकाल आला. वुन्श यांना कार्यक्रमाचा खरा सूर काय असणार याची पुरेशी कल्पना दिली नव्हती, हे मान्य झालं. ब्रिटिश सरकारचे माजी मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग आणि हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती आयपीसीसी यांच्यावर अन्याय झाला, हेही. शेवटच्या भागात निःपक्षपातीपणाचा नियम मोडला, हेही. पण प्रेक्षकांची इजा होईल इतकी दिशाभूल झाली, असं मात्र ऑफकॉमने म्हटलं नाही.

वुन्श यांची बातमी मी कापून बाईंच्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली, घडी करून मला परत दिली आणि विचारलं, "मग आता मी विश्वास कोणावर ठेवायचा?" त्यानंतर त्यांनी असे कार्यक्रम बघणंच सोडलं, या बाजूचे नाहीत आणि त्या बाजूचेही नाहीत. थर्मोस्टॅटची चकती वर गेली ती वरच राहिली. मला आजही वाटतं की प्रेक्षकांची इजा झाली ती हीच, आणि ती कुठल्या निकालात मोजता येणारी नव्हती.

आता दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, कारण ती माझी बाजू आहे. डर्किन यांच्या कार्यक्रमाच्या आदल्याच वर्षी, २००६मध्ये, अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांचा तापमानवाढीवरचा चित्रपट 'ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ' आला होता. त्यात ते अंटार्क्टिकाच्या बर्फातून काढलेल्या साडेसहा लाख वर्षांच्या दोन रेषा दाखवतात, एक तापमानाची, एक कार्बन डायऑक्साइडची, आणि आजचा आकडा केवढा वर गेलाय हे दाखवायला यांत्रिक पाळण्यात उभं राहून वर जातात. मी ते पाहून रडले होते. डर्किन यांच्या कार्यक्रमाने बर्फातल्या त्याच गोष्टीचा आधार घेऊन उलटं सांगितलं: जवळून पाहा, आधी तापमान चढतं, कार्बन शेकडो वर्षांनी मागून येतो. हे खरंच आहे. गोरनी ते सांगितलं नव्हतं, म्हणून ते दुसऱ्याला 'लपवलेलं सत्य' म्हणून विकता आलं. वास्तविक त्यात लपवण्यासारखं काही नाही. पृथ्वीच्या कक्षेत आणि कलात हळूहळू होणारा बदल हिमयुग संपवायला सुरुवात करतो, समुद्र तापून कार्बन सोडतात, आणि मग तो कार्बन तापमान आणखी वर नेतो. शेकोटी काडीने पेटली म्हणून ऊब लाकडांची नाही, असं कोणी म्हणत नाही. २००७च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती बर्टन यांच्यासमोरच्या दाव्याचा निकाल लागला. दावा झाला होता, कारण सरकारने तो चित्रपट इंग्लंडच्या शाळांत पाठवला होता. न्यायमूर्तींनी तो मुळात बरोबर ठरवला, शाळांत दाखवायलाही हरकत घेतली नाही, पण नऊ जागांवर बोट ठेवून म्हटलं की सोबत खुलाशाची टिपणं द्या. त्या दोन रेषांची जागा त्यांत होती. समुद्र वीस फूट चढण्याची जागाही होती, कारण तेवढं चढायला हजारो वर्षं लागतील हे चित्रपटाने सांगितलं नव्हतं. ते नऊ मुद्दे वाचताना मला राग आला होता न्यायमूर्तींचा. आज तो राग आठवला की वाईट वाटतं.

खरी अडचण मला शब्दांची वाटते. शास्त्रज्ञ मोजूनमापून बोलतात. फेब्रुवारी २००७च्या अहवालात आयपीसीसीने म्हटलं की ही तापमानवाढ माणसामुळे असण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर आहे. २०१३मध्ये ते पंचाण्णववर गेले. २०२१मध्ये म्हणाले, निःसंशय. चौदा वर्षं लागली एकेक पायरी चढायला, आणि प्रत्येक पायरीवर कोणीतरी 'अजून खात्री नाही ना' म्हणून हिणवलं. टीव्हीला ही चाल परवडत नाही. तिथे एक तर आभाळ कोसळतं, नाही तर काहीच झालेलं नसतं. 'अवर प्लॅनेट'चे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांच्यासारख्या माणसालाही या दोन्ही टोकांकडून ऐकावं लागलं. २००४मध्ये बेल्जियममध्ये ऐकलेल्या एका व्याख्यानातले आलेख पाहून आपली खात्री पटली, असं त्यांनीच पुढे सांगितलं. त्याआधी आणि नंतरही कितीतरी प्रेक्षक तक्रार करत होते की हे नुसतं सुंदर जंगल दाखवतात, ते मरतंय हे सांगत नाहीत. २०१९च्या एप्रिलमध्ये त्यांनी बीबीसी वनवर हवामान बदलावर तासभराचा कार्यक्रम सरळच केला, तेव्हा दुसरे म्हणाले की म्हातारपणी घाबरवायला लागले. आणि बीबीसीची गोष्ट तर अशी की कित्येक वर्षं समतोल म्हणून एका शास्त्रज्ञासमोर एक नाकारणारा बसवत होते. २०१८मध्ये त्यांनी आपल्या पत्रकारांना लिहून कळवलं की याची गरज नाही, शनिवारच्या सामन्यात संघ दोन-शून्यने जिंकला असेल तर ते नाकारायला कोणाला बोलवत नाही आपण. हे बरोबरच झालं. पण नाकारणारा माणूस खुर्चीतून उठला की सगळ्याच शंका उठून जायला हव्यात असं नाही. काही शंका मामांच्या असतात.

मामा कधीच 'पाऊस पडणार' म्हणत नाहीत. आभाळ धरलंय म्हणतील, भरून आलंय म्हणतील, वारा फिरला तर काही खरं नाही म्हणतील.

'माझ्यासारखंच केलंय' या वाक्याचं मूळ २०१४च्या मार्चमध्ये आहे. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपिटीने महाराष्ट्राचे कितीतरी जिल्हे झोडपून काढले, ते वर्ष. मामांची बाग तोडणीला आली होती. मी दोन दिवसांनी पोचले तेव्हा बागेत शिरताच आंबूस वास नाकात घुसला. फुटलेल्या मण्यांचा रस ओळींमधल्या चिखलात मिसळला होता, चपला चिकटत होत्या, आणि माश्यांचा आवाज एवढा की मोठ्याने बोलावं लागत होतं. शाबूत दिसणारा घड हातात घेतला की वरच्या अंगाचे मणी चिरलेले. त्याच दिवशी एका वाहिनीची माणसं आली. मामा त्यांच्याशी अर्धा तास बोलले, मी शेजारीच उभी होते. त्यांनी सांगितलं की गारा त्यांच्या लहानपणीही पडायच्या, वडिलांच्या तोंडून त्याहून मोठ्या गारांच्या गोष्टी ऐकल्यात. दिवाळीनंतरचा अवकाळी मात्र त्यांच्या हिशोबाने वाढलाय, डाऊनी आणि भुरी या रोगांवरच्या फवारण्या वाढल्यात, रात्री पूर्वीसारख्या थंड राहत नाहीत. आणि मग म्हणाले, "चूक माझीबी आहे. व्यापारी पंधरा दिवस आधी आला व्हता. दोन रुपये वाढतील म्हणून मी थांबलो." रात्री बातम्यांत ते आठ सेकंद दिसले. हातात फुटलेला घड, मान खाली, मागे करुण संगीत, आणि खाली पट्टी: हवामान बदलाचा बळी. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. पुढच्या खोलीत, याच टीव्हीसमोर, आम्ही सगळ्यांनी ते पाहिलं. मामांनी पाणी मागितलं आणि पिऊन भांडं परत करताना म्हणाले, "मी मुका हाय असं वाटंल लोकांना."

मी मात्र ते आठ सेकंद मिळवून ओळखीच्या प्रत्येकाला पाठवले होते. बघा, आता तरी पटतंय का, म्हणून. त्यांनी काय सांगितलं होतं ते माझ्या समोर सांगितलं होतं, तरी मी एकालाही ते लिहिलं नाही. बोचतं ते हे. पुढे कळलं की मामांचं गाळलेलं बोलणंच शास्त्राच्या जास्त जवळ होतं. गार एवढ्या लहानशा पट्ट्यात पडते आणि तिच्या जुन्या नोंदी इतक्या तुटपुंज्या आहेत की गारपीट वाढली का घटली यावर आयपीसीसीसुद्धा २०२१मध्ये खात्रीने बोलत नाही. उष्णतेबद्दल, अतिवृष्टीबद्दल बोलते, आणि ठामपणे बोलते. 'गारा आधीही पडायच्या, पण बाकीचं बदललंय' हे मामांचं वाक्य त्या अहवालात जसंच्या तसं बसलं असतं. ते कापून टाकलं, आणि त्याबरोबर मामांचा विश्वासही गेला. आज उद्या समोर काहीही दाखवलं, खरंखुरं दाखवलं तरी, ते आधी विचारणार की यात काय गाळलंय. त्यांना नाकारणाऱ्यांत मोजणं सोपं आहे. मी दहा वर्षं मनात तेच करत होते.

पहाटे चारला मोटारीचा आवाज झाला. मामा उठले होते. पारा फार उतरला की मण्यांना तडे जातात, म्हणून विहिरीचं पाणी सोडतात. ते हवेपेक्षा उबदार असतं. बांधाच्या कडेने शेकोट्याही पेटवतात. मी शाल गुंडाळून मागोमाग गेले. पाटातल्या पाण्यातून वाफ निघत होती, ओला पालापाचोळा धुमसत होता आणि धूर वर न जाता ओळींमध्येच रेंगाळत होता. कागदात गुंडाळलेले घड बॅटरीच्या उजेडात क्षणभर दिसायचे आणि पुन्हा अंधारात जायचे. शेकोटीपाशी बसून मी त्यांना वॉलरसचं सांगितलं. उथळ समुद्र, शिंपले, बर्फ कुठे असायचा आणि आता कुठे गेला, किनाऱ्यावरची गर्दी. आणि अस्वलही सांगितलं.

"म्हणजे व्हतंच अस्वल," मामा म्हणाले.

"त्या भागात होती अस्वलं. पण मामा, बर्फ जागेवर असता तर एवढा कळप तिथे आलाच नसता."

काडीने ते निखारे सारखे करत राहिले. "बर्फ किती लांब गेलाय म्हणलीस?"

"शेकडो किलोमीटर."

"आन हे जनावर पोहत जाणार तिथवर."

"गेलं तरी तिथे खायला काही नाही. तळ फार खोल."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. उजाडायला लागलं होतं, आणि पलीकडच्या बागांतल्या शेकोट्यांचे धूर एकेक करून दिसायला लागले होते. मग म्हणाले, "हे सांगायला काय झालं व्हतं त्यांना? दोन मिनिटं लागली तुला."

त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी स्वतःच पोरीला कालचं परत लावायला सांगितलं. ती नको म्हणत होती, तिला ते पडणं बघवत नव्हतं. तिला जवळ बसवून मामांनी बर्फाचं, शिंपल्यांचं आणि अस्वलाचं सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा नीट. वॉलरस कड्याच्या टोकाशी आला तसे म्हणाले, "थांबव. इथंच." पोरीने चित्र थांबवलं. मामा गोधडी बाजूला सारून उठले, टीव्हीच्या जवळ गेले आणि चित्राची चौकट जिथे संपते त्या वरच्या कडेवर बोट ठेवून उभे राहिले.